कित्मीरसाठी घर

जुलैत शाळेतून परतताना गटाराच्या कडेला एक पिल्लू सापडलं. मागचा पाय गाडीखाली आलेला. जनावरांच्या दवाखान्यात नेलं, पट्टी बांधली, पडवीत गोणपाट टाकलं. दिवाळीपर्यंत पाय बरा झाला आणि आमची पंचाईत सुरू झाली. अंगात मस्ती इतकी की पडवी पुरेना, आणि माया इतकी की येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर पुढचे दोन्ही पाय.

आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. ओलं कुत्रं अंगाला लागलं तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यात एकदा मातीने. सत्तरीतली अम्मा दिवसातून दोनदा माती आणायला परसात जाते, हे मला बघवेना. म्हणून त्याला घर शोधायला निघालो.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच. "मुसलमानाच्या घरात कुत्रं?" हिंदू सहकाऱ्यांनी विचारला, मोहल्ल्यातल्यांनीही. दोघांनाही वाटतं की उत्तर ठरलेलं आहे. ते तसं नाही. आमच्या शाळेतले हनफी मास्तर म्हणतात, लाळ नापाक, कोरडं अंग नव्हे. इमाम मालिक यांच्या मते तर जिवंत कुत्रा पाकच. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या तरुणांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. कुराणात त्याचं नाव नाही, पण भाष्यकारांनी त्याला कित्मीर म्हटलं. तहानलेल्या कुत्र्याला पायातल्या जोड्याने विहिरीचं पाणी काढून पाजणाऱ्या बदनाम बाईला माफी मिळाली, ही हदीस लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. आणि हेही झाकून ठेवू नये, की मदिनेत एकदा कुत्री मारण्याचा हुकूम निघाला होता आणि पुढे तो आवरला गेला, असं हदीसच्याच ग्रंथांत आहे. शिकार, गुरं आणि शेत यांच्यासाठी कुत्रा पाळायला मुभा राहिली.

नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजने 'किताब अल-हयवान'मध्ये कुत्रा श्रेष्ठ की कोंबडा यावर पानंच्या पानं वाद रंगवला. पुढे बगदादच्या इब्न अल-मर्झुबानने एक पुस्तकच लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, की कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्री बरी! हे नाव वाचून मी एकटाच हसत बसलो होतो.

दुसरा सल्ला जास्त कडू. "घाटात नेऊन सोडा, जगेल." सांगणारा माणूस वाईट नव्हता. पण मला १९१० सालचं इस्तंबूल आठवलं. शहर आधुनिक दिसायला हवं म्हणून तिथल्या गल्लीबोळांतली हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातल्या सिव्रिआदा या ओसाड बेटावर सोडली. मारली नाहीत, फक्त सोडली. तिथे ना अन्न ना गोडं पाणी. त्यांचं भुंकणं दुरून ऐकू येई, असं सांगतात. पिढ्यान् पिढ्या मोहल्ल्यांनी ज्यांना पोसलं, त्यांचा असा शेवट झाला.

आपल्या मुंबईत याच्या आधीच वेगळं घडलं होतं. मोकाट कुत्री मारायचा सरकारी नियम होताच, आणि शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशाच्या आशेने लोकांची पाळलेली कुत्रीही ओढून नेतात, अशी ओरड झाली. ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी लोक शिपायांवर धावून गेले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. हिंदू, जैन, इस्माईलीही सामील झाले, कुलाब्याच्या फौजेची रसद अडली. दंगा मोडला गेला. पण मारण्याऐवजी कुत्री शहराबाहेर न्यावीत, ही मागणी जमशेटजी जीजीभाईंसारख्यांनी अर्ज करून लावून धरली. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांनी भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभा केला. तिथे आता गाई दिसतात. सुरुवातीला आसरा मोकाट कुत्र्यांनाही होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बेट आणि पांजरापोळ दोन्ही शहराच्या नजरेआडच, पण एकीकडे रोज कुणीतरी चारापाणी घेऊन येणार होतं.

मीही तेवढंच शोधत होतो. तिघांनी नाही म्हटलं. एकाने हो म्हटलं, पण साखळीने बांधून ठेवणार होता, म्हणून मीच नाही म्हटलं. शेवटी एका बागायतदार मित्राने विचारलं, "वानरांच्या मागे धावेल का?" यांना नारळ आणि आंबे वानरांपासून वाचवायचे होते. धावेल, मी म्हटलं, पण वानराशीही मैत्री करेल. तो हसला. बागेत राखणदाराचं कुटुंब राहतं, दोन लहान मुलं आहेत. रविवारी घेऊन गेलो तेव्हा वानर एकही नव्हतं. मुलांना मात्र त्याने पहिल्या मिनिटाला आडवं पाडलं आणि ती खिदळत उठली.

येत्या शुक्रवारी नमाजनंतर त्याला कायमचं न्यायचं ठरलंय. अम्मा त्याला आजवर "ए" म्हणूनच हाक मारायची. काल तिने "कित्मीर" म्हटलेलं मी ऐकलं. मी काही बोललो नाही. आज पाहतो तर त्याची चेपलेली जर्मलची ताटली तिने पिशवीत भरून ठेवली आहे.

"दुसऱ्या भांड्यात तो जेवत नाही, त्यांना सांग," म्हणाली, आणि हात धुवायला परसात गेली.