घाणीचा प्रवास

पाण्याची शुद्धि राखणें म्हणजे घाण दृष्टीआड करणें, अशी समजूत राज्यकर्त्यांची व प्रजेची पुष्कळदां असते. लंडनच्या टेम्स नदीचा इतिहास या समजुतीवर चांगला प्रकाश पाडतो.

१८४८-४९ च्या पटकीच्या सांथींत त्या शहरीं सुमारें १४,००० माणसें दगावलीं. दुर्गंधीनें रोग पसरतो असा तेव्हां ग्रह होता. म्हणून घरोघरचा मैला गटारांवाटे टेम्समध्यें लोटण्यांत आला, आणि तिचेंच पाणी कित्येक लोक पीत होते! १८५४ सालीं डॉ. जॉन स्नो यांनीं पटकीचा संबंध दूषित पाण्याशीं आहे असें साधार दाखविलें. तरी सरकार हललें नाहीं. पुढें १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीकांठच्या पार्लमेंटांत बसणें अशक्य झालें, तेव्हां मात्र अवघ्या १८ दिवसांत कायदा संमत झाला.

जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें मोठीं गटारें बांधून मैला शहराच्या पूर्वेस बेक्टन व क्रॉसनेस येथें नेला. हें कार्य थोर खरें. १८६६ नंतर लंडनांत पटकीची मोठी सांथ आली नाहीं. परंतु तेथें तो मैला शुद्ध न करतांच ओहोटीबरोबर नदींत सोडीत. १८७८ सालीं ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही आगबोट त्याच पाण्यांत बुडून ६०० हून अधिक उतारू मेले, तेव्हां लोकांचे डोळे उघडले. मग मैल्याचा साका वेगळा काढण्यांत येऊं लागला. पण १८८७ पासून तो आगबोटींत भरून समुद्रांत टाकीत, आणि ही वहिवाट १९९८ पर्यंत चालली!

घरची घाण नदींत, नदीची खाडींत, खाडीची समुद्रांत, असा हा प्रवास. १९५७ सालीं शास्त्रज्ञांनीं शहरालगतची टेम्स मृतवत् ठरविली. शुद्धीकरणाचीं केंद्रें सुधारलीं तेव्हां कोठें १९७४ सालीं तींत सॅमन मासा पुन्हा आढळला. तरीहि पावसांत जुनीं गटारें तुंबून मैला नदींत येतच राहिला, व त्यासाठीं २५ किलोमीटरांचें नवें भुयार २०२५ सालीं पूर्णपणें जोडावें लागलें.

पार्लमेंटाच्या नाकाला घाण झोंबली म्हणून कायदा १८ दिवसांत झाला. प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या वस्तीला, माशांना व समुद्राला पार्लमेंट नव्हतें, म्हणून त्यांना शतकभर थांबावें लागलें. जलशुद्धीचा कोणताहि कायदा पारखावयाचा तर तो घाण नाहींशी करतो कीं नुसती पुढें ढकलतो, हेंच आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.