करडे बटण

साहित्य शिकविणाऱ्यांनी स्प्रेडशीटमधील बटणांच्या रंगाविषयी लिहावे, याचे वाचकांस नवल वाटणे साहजिक आहे. परंतु मराठीच्या प्राध्यापकाचा जितका वेळ आज काव्यशास्त्रात जातो, त्याहून फारसा कमी वेळ एक्सेलच्या तक्त्यांत जात नाही, हेही तितकेच खरे. अंतर्गत गुण, उपस्थिती, प्रबंधिकांची नोंद हे सारे आता तक्त्यांच्या चौकटींत बसते. ज्या वस्तूशी रोजचा संबंध येतो तिचा इतिहास ठाऊक असावा, ही सवय आम्हांस साहित्याच्या अभ्यासानेच लावली. शिवाय या विषयाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे, आणि ती चूक आमचीच होती.

काही वर्षांपूर्वी आम्ही विभागासाठी गुणनोंदीचा एक तक्ता तयार केला. त्यात दोन बटणे होती: एक नोंदी जतन करण्याचे, दुसरे त्या पुसण्याचे. त्यांवर मराठी अक्षरे घालण्याचा प्रयत्न केला, तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग उमटली. तेव्हा आम्ही अक्षरांचा नादच सोडला आणि एक बटण हिरवे, दुसरे तांबडे करून मोकळे झालो. रंग बोलका असतो, त्याला मथळ्याची गरज काय, असा आमचा युक्तिवाद होता. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी संध्याकाळभर बसून एका वर्गाचे गुण भरले आणि शेवटी बटण दाबले. सारे गुण गेले. मॅक्रोने केलेला बदल एक्सेलच्या 'पूर्ववत करा' या आज्ञेने परत फिरविता येत नाही, हे आम्हांस त्याच संध्याकाळी कळले. सर शांतपणे म्हणाले, "मला दोन्ही बटणं सारखीच दिसत होती." तांबडा आणि हिरवा यांतील भेद त्यांना जन्मापासून दिसत नव्हता. इतकी वर्षे एका खोलीत बसून आम्ही ते कधी जाणले नव्हते.

बटणाला रंग देण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो येथे थोडक्यात मांडतो.

स्प्रेडशीटचा आरंभ १९७९ साली झाला. डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी 'व्हिजिकॅल्क' तयार केले. त्यात ओळी होत्या, स्तंभ होते, सूत्रे होती; बटण नव्हते आणि रंगही नव्हता. १९८३ साली आलेल्या 'लोटस १-२-३' मध्येही आज्ञा द्यायची ती कळफलकावरून. पडद्यावर एखादी वस्तू असावी आणि तिच्यावर बोट ठेवल्याप्रमाणे क्लिक करून काम व्हावे, ही कल्पना दुसऱ्या प्रवाहातून, म्हणजे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून व पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशमधून आली. एक्सेलचा जन्म १९८५ साली या मॅकिंटॉशवरच झाला. विंडोजवर ते १९८७ साली आले. त्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा केवळ काळा आणि पांढरा होता. बटण म्हणजे गोलसर कोपऱ्यांची एक काळी चौकट, एवढेच.

मग हा करडा रंग आला कोठून? आज ज्याला आपण बटणाचा 'स्वाभाविक' रंग समजतो, तो एका मर्यादेतून निर्माण झाला. १९९० साली विंडोज ३.० मध्ये बटणे उठावदार दिसू लागली. सपाट पडद्यावर उठाव दाखवायचा तर डावीकडून वरून प्रकाश पडतो आहे असे मानून वरची व डावी कड पांढरी, खालची व उजवी कड गडद ठेवावी लागते. अर्थात बटणाचा चेहरा असा हवा की त्याहून उजळ आणि त्याहून गडद असे दोन्ही रंग हाताशी असावेत. त्या काळच्या सामान्य पडद्यावर सोळाच रंग मिळत, आणि त्यांत फिकट करडा व गडद करडा असे दोन करडे होते. फिकट करडा चेहऱ्याला आणि गडद करडा सावलीला, अशी वाटणी झाली. जे निवडले गेले ते गरजेने, आणि पुढे तीच रूढी झाली. भाषेच्या इतिहासात अशी उदाहरणे आपण पदोपदी पाहतो.

बटणाचा रंग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती आला तो १९९१ च्या व्हिज्युअल बेसिकमुळे. प्रत्येक वस्तूला गुणधर्म असतात आणि 'बॅककलर', म्हणजे पार्श्वरंग, हा त्यांपैकी एक, ही कल्पना तेथे रुजली. १९९३ साली एक्सेल ५.० मध्ये तीच भाषा व्हीबीए या रूपाने तक्त्याच्या आत शिरली. त्या पिढीतील बटणे, चौकोन आणि याद्या आजही 'फॉर्म कंट्रोल्स' या नावाने एक्सेलमध्ये आहेत. १९९७ च्या आवृत्तीत 'युजरफॉर्म' आणि 'ॲक्टिव्हएक्स' नियंत्रणे आली. त्यांच्या बटणाला हवा तो पार्श्वरंग देता येतो. जुन्या फॉर्म बटणाला मात्र देता येत नाही.

या जुन्या नियंत्रणांचा एक चमत्कारिक स्वभाव आहे. फॉर्म बटणावरील अक्षरांचा रंग बदलता येतो, पण त्यामागील पार्श्वभूमीचा नाही. खूण करण्याच्या चौकोनाचे नेमके उलट: त्याची पार्श्वभूमी रंगविता येते, पण अक्षरांचा रंग बदलत नाही. एकाच घरातील दोन भावंडांना दोन वेगळे नियम! ज्यांना रंगीत बटण हवेच होते, त्यांनी आडवाट काढली: एक साधा आयत काढायचा, तो रंगवायचा आणि त्याला मॅक्रो जोडायचा. हे खरे बटण नव्हे, बटणाचे सोंग. पण काम चोख करते.

रंगाची संख्यालेखनपद्धती तर भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. संगणकाचा प्रत्येक रंग तांबडा, हिरवा आणि निळा या तीन घटकांचा, आणि प्रत्येक घटक ० ते २५५ या मापाचा. व्हीबीएमध्ये तांबड्याचे मूल्य जसेच्या तसे, हिरव्याला २५६ ने गुणून आणि निळ्याला ६५,५३६ ने गुणून तिघांची बेरीज करतात. म्हणून शुद्ध तांबडा म्हणजे केवळ २५५, आणि शुद्ध निळा म्हणजे १,६७,११,६८०. याउलट वेबपृष्ठांच्या लेखनपद्धतीत तांबडा सर्वांत डावीकडे, म्हणजे सर्वांत मोठ्या स्थानी असतो. तेथील तांबड्याचा सोळापायी अंक जसाच्या तसा उचलून व्हीबीएत ठेवला, की तांबड्याऐवजी निळे बटण समोर येते. आम्हीही एकदा हे केले आहे. मराठी वाचकास याचे आश्चर्य वाटू नये. ऱ्हस्व इकाराची वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो मात्र नंतर. युनिकोडमध्येही ती व्यंजनानंतरच साठविली जाते. साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एकच असला पाहिजे, असा नियम ना लिपीत आहे ना रंगांत.

इकाराचा विषय निघालाच आहे, तर त्या प्रश्नचिन्हांचेही कारण सांगून टाकू. व्हीबीएचा संपादक युनिकोडपूर्व काळातील 'कोड पेज' या व्यवस्थेवर उभा आहे, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसे कोड पेज कधी नव्हतेच. म्हणून संपादकात देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हे उमटतात. 'अ' हवा असेल तर त्याचा क्रमांक २३०९ सांगून तो मागवावा लागतो. तक्त्याच्या पृष्ठावर मात्र एक्सेल देवनागरी सुखाने स्वीकारते. म्हणजे जुन्या फॉर्म बटणावर आम्ही थेट 'पुसा' असे लिहू शकलो असतो. ते बटण करडे राहिले असते, पण वाचता आले असते. आम्ही वाचनीयता देऊन रंग विकत घेतला.

एक्सेलमधील रंगांची संख्याही इतिहासाने ठरविली आहे. २००३ च्या आवृत्तीपर्यंत एका फाइलच्या पेट्यांना ५६ रंगांचे तबक मिळे. ते तबक फाइलगणिक बदलता येई. त्यामुळे एका फाइलमधील तक्ता दुसरीत नेला की त्याचे रंग पालटत. २००७ च्या आवृत्तीत ही मर्यादा गेली आणि १,६७,७७,२१६ रंग खुले झाले. त्याबरोबर 'थीम' आली. आता रंग म्हणजे निव्वळ मूल्य न राहता एक भूमिका ठरली: हा ठळक रंग, हा पार्श्वभूमीचा रंग. थीम बदलली की पात्रे तीच राहतात, वेषभूषा बदलते.

भूमिकेची ही कल्पना बटणांच्या जगात मात्र जुनी आहे, आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच दडलेले आहे. व्हीबीएमध्ये कोऱ्या बटणाचा पार्श्वरंग विचारला तर उत्तर मिळते उणे २,१४,७४,८३,६३३. पहिल्यांदा पाहणाऱ्यास ही चूकच वाटते. ती चूक नाही, ती एक खूण आहे. तिचा अर्थ असा: येथे कोणताही ठराविक रंग नाही, या संगणकाच्या मालकाने बटणांसाठी जो रंग निवडला असेल, तो येथे दाखवावा. विंडोज ९५ मध्ये हा रंग फिकट करडा होता, विंडोज २००० मध्ये किंचित पिवळसर झाला, पुढे अधिक उजळला. ज्याची दृष्टी अधू आहे, त्याने काळ्यावर पांढरे अशी तीव्र विरोधाची योजना निवडली, तर ते बटणही त्याच्या मागे जाते. आम्ही ती ऋण संख्या काढून तेथे आमचा हिरवा रंग ठेवला, त्या क्षणी वापरणाऱ्याची निवड पुसली गेली. गुण नंतर पुसले गेले. त्याआधी आम्ही हे पुसले होते.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना तांबड्या-हिरव्याचा भेद पुरता किंवा अंशतः जाणवत नाही. इतर समाजांत हे प्रमाण काहीसे कमी आढळते. कमी म्हटले तरी ज्या विभागात दहा-बारा माणसे बसतात, तेथे असे एक गृहस्थ असण्याची शक्यता नगण्य नाही. ते गृहस्थ बहुधा बोलत नाहीत. ज्याला भेद कधी दिसलाच नाही, तो भेदाविषयी तक्रार तरी काय करणार?

रंगीत बटणांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. मॅकवरील एक्सेलमध्ये ॲक्टिव्हएक्स नियंत्रणे कधी चाललीच नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर विंडोजवरीलही असंख्य तक्त्यांतील ही बटणे मुकी झाली. साठवलेल्या काही तात्पुरत्या फाइली पुसल्यावर ती पुन्हा बोलू लागली. ऑफिस २०२४ पासून ॲक्टिव्हएक्स मुळातच बंद ठेवले जाते, आणि २०२५ साली मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही तोच पायंडा पडला. १९९७ चे रंगीत बटण असे मागे पडले. १९९३ चे करडे बटण मात्र आजही दाबले जाते. आणि २०२४ साली एक्सेलमध्ये नवा चौकोन आला, तो थेट पेटीत राहतो आणि पेटीतील अक्षरांचा जो रंग, तोच धारण करतो. नियंत्रण आणि मजकूर यांतील जुनी भिंत त्याने पाडली.

आमचा तो तक्ता आम्ही पुन्हा बांधला. आता दोन्ही बटणे करडी आहेत. एकावर 'जतन करा' आणि दुसऱ्यावर 'पुसा' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. ती एकमेकांपासून लांब ठेवली आहेत. आणि पुसण्यापूर्वी तक्ता एकदा विचारतो. त्या संध्याकाळी सरांनी गुणपत्रके पुन्हा समोर घेतली, आम्ही आकडे वाचून दाखवीत गेलो आणि ते भरीत गेले. रात्री साडेनऊला काम संपले. नवा तक्ता पाहून ते एवढेच म्हणाले, "हे बरं झालं. आता वाचता येतं." मराठीच्या प्राध्यापकाने दिलेला याहून मोठा अभिप्राय आम्हांस ठाऊक नाही.