लोणारचे खारे पाणी आणि जीवाचा आरंभ

आपण परभणीकर लोणारला जातो, विवर पाहतो, परत येतो. तिथल्या खाऱ्या पाण्याचा जीवाच्या आरंभाशी काय संबंध, ते आज पाहू.

१८७१ साली डार्विनने हूकर या मित्राला पत्र लिहिले. कोमट डबक्यात अमोनिया आणि फॉस्फरसचे क्षार असतील, ऊब आणि वीज मिळेल, तर प्रथिन घडेल का, अशी त्याची कल्पना. १९५३ साली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेत ठिणग्या सोडल्या. अमिनो आम्ले मिळाली. पण फॉस्फरसचे कोडे राहिलेच. फॉस्फेटवाचून आरएनए, डीएनए नाही, आणि साध्या पाण्यात कॅल्शियम त्याला धरून तळाशी बसते.

सोड्याच्या सरोवरात मात्र कार्बोनेट आधी कॅल्शियमला पकडते, फॉस्फेट मोकळे राहते. टोनर आणि कॅटलिंग यांनी २०२० च्या सुमारास हे मांडले. लोणारात जीव जन्मला, असे कुणी समजू नये हं! जीव साडेतीन अब्ज वर्षांइतका जुना. लोणार त्यापुढे कालचे पोर. आपल्याला ते नमुना म्हणून उपयोगी.

मग जीव म्हणजे नुसते रसायन का? चार्वाक म्हणत, मद्याच्या घटकांत सुटी नशा नसते, ती मिश्रणात येते, चैतन्यही तसेच. त्यात आपण एक पायरी घालू. रेणू स्वतःची नक्कल करू लागला, नकलेत फरक पडले, काही टिकले. तिथे निवड सुरू झाली. ही पायरी प्रयोगशाळेत अजून पुरती चढून झालेली नाही. म्हणून 'कोडे सुटले' म्हणणाऱ्याला आणि 'सुटणारच नाही' म्हणणाऱ्याला, दोघांनाही आपण पुरावा मागायचा.