राऊत, कविता
(५ मे १९८५ – ). नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील लांब पल्ल्याची धावपटू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरात लहानपणी अनवाणी धावणारी ही मुलगी प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिकमध्ये घडली आणि ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून ओळखली जाऊ लागली. २०१० मधील दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. मिल्खासिंग यांच्या १९५८ मधील कार्डिफ येथील सुवर्णपदकानंतर धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीत भारताला मिळालेले हे पहिलेच राष्ट्रकुल पदक होय. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगजौ येथे आशियाई स्पर्धेत, सहकारी प्रीजा श्रीधरनच्या मागे जेमतेम एका सेकंदाने राहून, तिने याच अंतरात रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये कांस्य पटकावले. स्त्रियांना लांब पल्ला झेपत नाही या समजामुळे ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत आणि १०,००० मीटर शर्यत १९८८ पर्यंत नव्हती, हे लक्षात घेता, जात, लिंग व भौगोलिक दुर्लक्ष अशा तिहेरी अडथळ्यांतून आलेल्या या पदकांचे सामाजिक मोल क्रीडामूल्याहून कमी नाही. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावली. नाशिक जिल्ह्याचीच मोनिका आथरे पुढील वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली.