लंडनची अ‍ॅम्ब्युलन्स आणि विसरलेला कोड

तारीख २६ ऑक्टोबर १९९२. लंडन अ‍ॅम्ब्युलन्स सर्व्हिसने कागदी चिठ्ठ्या बाजूला सारून गाड्या पाठवायचं काम नव्या कॉम्प्युटर सिस्टिमवर सोपवलं. तेव्हा ८१ माहीत असलेले दोष दुरुस्त व्हायचे बाकी होते.

कुठली गाडी कुठे आहे हेच सिस्टिमला नीट कळेना. एका ठिकाणी दोन गाड्या, तर दुसरीकडे एकही नाही. लोक पुन्हा पुन्हा फोन करू लागले, सूचनांचा ढीग साचला, सगळंच मंदावलं. दुसऱ्या दिवशी बरंचसं काम परत हाताने सुरू झालं.

४ नोव्हेंबरला पहाटे सिस्टिम ठप्पच झाली. कारण? तीन आठवड्यांपूर्वी चुकून मागे राहिलेला छोटासा कोड हळूहळू सर्व्हरची मेमरी खात होता. शेवटी कागदच कामी आला.

१९९३ च्या चौकशी अहवालाने खापर एकट्या प्रोग्रॅमरवर फोडलं नाही. घाई, अपुरी चाचणी, अपुरं प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांचा उडालेला विश्वास, सगळं मांडलं.

मीही कोड लिहितो. ‘टेस्टिंग नंतर बघू’ असं मीही म्हटलंय. आता ते म्हणताना जीभ अडखळते. अ‍ॅम्ब्युलन्स सेवा चांगली की नाही, हे सिस्टिम बंद पडल्यावर गाडी दारात येते का, यावरच कळतं.

भेटूया पुढच्या भागात!