तोतया, हुंडी आणि घरची खूण

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत, गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन नांवाचें गांव आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं तेथें मराठे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. निजामअल्ली बरेंच सैन्य घेऊन नदीपलीकडे गेला होता. अलीकडे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर रणांत पडला, आणि मध्यें पावसाळ्यांतली गोदावरी असल्यामुळें पैलतीरावरून त्यास मदत पोंचूं शकली नाहीं. विजय मिळविणारे माधवराव पेशवे त्या वेळीं अवघे अठरा वर्षांचे होते. परंतु आज मला त्या लढाईची हकीकत सांगावयाची नाहीं. रणांत निजामास नमविणाऱ्या या तरुण पेशव्यास पुढें थोड्याच काळांत स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर एका निराळ्याच शत्रूशीं गांठ घालावी लागली, त्याची गोष्ट मी सांगणार आहें. त्या शत्रूजवळ तोफा नव्हत्या. "मी तुमचाच आहें" एवढेंच त्याचें म्हणणें होतें.

पानिपत १४ जानेवारी १७६१ रोजीं झालें. विश्वासरावांचें प्रेत ओळखलें गेलें. सदाशिवरावभाऊंच्या प्रेताविषयीं मात्र संशय राहिला तो राहिलाच. नानासाहेब पेशवे त्याच वर्षीं जून महिन्यांत पर्वतीवर वारले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पतीचें निधन मानलेंच नाहीं. १७८३ मध्यें त्या वारल्या, तोंपर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, त्यांनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. आजच्या वाचकास हें वेड वाटण्याचा संभव आहे; मला तें तसें वाटत नाहीं. ज्या घरांत माणूस गेल्याची निश्चित बातमी नाहीं आणि परतल्याचीहि नाहीं, त्या घराचें दार सदैव किलकिलें असतें, आणि ठकास शिरावयास तेवढी फट पुरते.

त्या फटींतून सुखनिधान नांवाचा एक कनोजी ब्राह्मण शिरला. चेहरामोहरा भाऊसाहेबांशीं कांहींसा जुळता होता. पानिपतांतून आपण वांचलों, रानोमाळ भटकलों आणि आतां प्रकट होत आहों, असें तो सांगूं लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्यास धरून पुण्यास आणिलें आणि त्याची चौकशी झाली. या चौकशींतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शोकांत बुडालेल्या एकट्या माणसाच्या साक्षीवर निकाल लावण्यांत आला नाहीं. भाऊसाहेबांना जवळून पाहिलेलीं, त्यांच्याबरोबर वावरलेलीं माणसें होतीं. त्यांच्यासमोर त्यास उभें करण्यांत आलें. मुखवट्याचें साम्य सहज दिसतें. पण एका घरांत काढलेल्या वर्षांच्या बारीकसारीक आठवणी कोणासहि उसन्या मिळत नाहींत. तो तोतया ठरला. माधवरावांनीं त्याचा प्राण घेतला नाहीं. कैदेंत ठेविलें, आणि अखेर तो रत्नागिरीच्या किल्ल्यांत जाऊन पडला.

गोष्ट येथें संपावयास हवी होती. पण तशी ती संपली नाहीं. १७७६ सालीं पुण्याचा कारभार मोठ्या अडचणींत होता. नारायणरावांचा खून होऊन गेला होता, सवाई माधवराव दोन वर्षांचें बाळ होतें, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले होते, आणि नाना फडणीस व सखारामबापू इंग्रजांशीं पुरंदरचा तह करण्यांत गुंतले होते. नेमक्या याच वेळीं रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानें तोतयास मोकळें केलें. पाहतां पाहतां हजारों माणसें त्याच्या निशाणाखालीं जमलीं, कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले आणि स्वारी घाटापर्यंत येऊन भिडली. ज्या माणसाचें सोंग दहा वर्षांपूर्वींच उघडें पडलें होतें, त्याच्यामागें इतकीं माणसें कां गेलीं? कांहीं खरोखर फसलीं असतील. परंतु पुष्कळांना खरेंखोटें ठाऊक असूनहि गोंधळ हवा होता, असें मला वाटतें. घर संकटांत असतें तेव्हांच सोंग खपतें. अखेर महादजी शिंद्यांनीं त्याचा मोड केला. तो समुद्रमार्गें पळाला, कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनीं त्यास पकडून पुण्याच्या स्वाधीन केलें, आणि डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचें बंड’ या नाटकामुळें ही हकीकत मराठी घराघरांत पोंचली.

एवढी जुनी गोष्ट आज काढण्याचें कारण असें कीं, तोतये आतां घोड्यावर बसून येत नाहींत. ते टेलिफोनवरून येतात. रात्रीं अपरात्रीं घंटा वाजते. "आजी, मी बोलतोंय, मला अपघात झाला आहे, कोणास सांगूं नकोस, ताबडतोब पैसे पाठव," असा रडवेला आवाज कानीं पडतो. कधीं पलीकडचा मनुष्य स्वतःस पोलीस अधिकारी म्हणवितो आणि मुलगा कोठडींत असल्याचें सांगतो. कधीं तर पडद्यावर गणवेश दाखवून घरांतल्या वडीलधाऱ्यांनाच ‘डिजिटल अटक’ झाली असल्याचें बजावतो. हिंदुस्थानच्या कायद्यांत अशी कोणतीहि अटक नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्यें ही गोष्ट मुद्दाम सांगितली, आणि थांबा, विचार करा, मग कृति करा, असा क्रम घालून दिला. त्याखेरीज आवाजाची नक्कल करणारीं संगणकीय साधनें आतां सहज मिळूं लागलीं आहेत. मुलानें इंटरनेटवर टाकलेल्या एखाद्या चित्रफितींतील थोड्याशा क्षणांचें बोलणें त्यांना पुरतें. पडद्यावर उमटणारा नंबरहि खोटा दाखवितां येतो. सुखनिधानास निसर्गानें चेहरा दिला होता; या नव्या तोतयांस आवाज विकत मिळतो.

बीड जिल्ह्यास तर या गोष्टीचा विचार विशेष करावा लागेल. दसरा-दिवाळी झाली कीं येथून लाखों ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रांत आणि कर्नाटकांत कारखान्यांच्या फडांवर जातात. नवराबायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाशीं परतते. मागें घरांत म्हातारीं माणसें आणि शाळेंतलीं पोरें. ट्रॅक्टर उलटणें, फडांत साप चावणें, हीं त्यांच्या आयुष्यांतलीं खरीं संकटें आहेत. म्हणून तसली खोटी बातमीहि चटकन् खरी वाटते. शहरांतल्या सुशिक्षित घरांनीं हें ऐकून आपण निराळे आहों असें समजूं नये. ज्यांचीं मुलें पुण्यास, बंगळूरास किंवा अमेरिकेंत आहेत, त्यांच्याहि घरचें दार असेंच किलकिलें असतें. फरक एवढाच कीं, त्यांच्या खात्यांत रक्कम अधिक असते.

यावर उपाय काय, तो आपल्या सावकारी पेढ्यांनीं फार पूर्वीं शोधून ठेविला आहे. हुंडी हा एक कागदाचा तुकडा. तो पुण्याहून औरंगाबादेस किंवा काशीस जाई आणि तेथील अनोळखी पेढी त्यावर रोकड मोजून देई. चोरास याहून सोपी संधि कोणती? परंतु पेढीवाले नुसत्या अक्षरावर किंवा सहीवर विसंबत नसत. रक्कम शंभर असेल तर "निमे पन्नास, त्याचे दुप्पट" असें लिहीत, म्हणजे आंकड्यांत फिरवाफिरव करतां येत नसे. हुंडी शहाजोग असली तर रक्कम बाजारांत पत असलेल्या गृहस्थाच्याच हातीं पडे; वाटेवरच्या अनोळखी मनुष्यास ती मिळत नसे. आणि मुख्य म्हणजे हुंडी केल्याची सूचना देणारें पत्र निराळ्या वाटेनें आधींच रवाना होई. तें पत्र पोंचलें नसेल तर पेढी थांबे. थांबण्यांत तिला अपमान वाटत नसे, आणि हुंडी आणणारा खरा असेल तर त्यासहि राग येत नसे. व्यवहाराची रीतच ती होती.

घरांत हीच रीत आणावयास अडचण कसली? एक खूण ठरवावी. ती मुलाची जन्मतारीख किंवा मांजराचें नांव नसावी, कारण त्या गोष्टी छायाचित्रांखालीं जगजाहीर झालेल्या असतात. आजोळच्या आडांत कोणाची घागर पडली होती, असा एखादा प्रश्न बरा. त्याचें उत्तर फक्त घरच्यांनाच ठाऊक असतें. फोनवर कितीहि रडें ऐकूं आलें तरी आधीं तो प्रश्न विचारावा. उत्तर आलें नाहीं तर फोन ठेवून द्यावा, आणि आपल्या वहींत पूर्वींपासून लिहिलेल्या नंबरावर आपण होऊन फोन करावा. तो लागला नाहीं तर दुसरी वाट धरावी: मुलाच्या खोलीवरचा सोबती, कचेरींतला सहकारी, फडावरचा मुकादम. हे नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. संकटाच्या वेळीं म्हाताऱ्या डोळ्यांस बारीक अक्षर दिसत नाहीं. "कोणास सांगूं नका" हे शब्द कानीं पडतांच शेजाऱ्यास हांक मारावी. पेशव्यांच्या चौकशींतहि चारचौघेच कामास आले होते.

इतकें करूनहि पैसे गेले तर? तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि त्याच दमांत बँकेसहि कळवावें. पैसा एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत वेगानें पसार होतो. तो वाटेंत अडविण्याची व्यवस्था सरकारनें २०२१ पासून उभी केली आहे, परंतु तक्रार येण्यास जितका उशीर होईल तितकें हातीं थोडें लागतें. येथें मला घरांतल्या तरुण मंडळींस दोन शब्द सांगावयाचे आहेत. फसलेल्या वडिलांवर किंवा आजीवर ओरडूं नका. ओरडण्याच्या भीतीनें वडील मंडळी ती गोष्ट लपवितात, आणि ज्या घटकांत पैसा परत मिळावयाचा त्याच घटका वायां जातात. नातवावर संकट आलें असें ऐकून ज्या आजीचा हात थरथरला, तिनें प्रेम केलें. गुन्हा पलीकडच्यानें केला.

हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पेठ, करून देत. तीहि गहाळ झाली तर परपेठ. घरच्या खुणेचेंहि तसेंच आहे. ती बाहेर फुटली असा नुसता संशय आला तरी त्याच दिवशीं नवी ठरवावी. ऊसतोडीस जाणाऱ्यांनीं दसऱ्यास सोनें वाटावयास घरोघर जातांना हें काम उरकून घ्यावें. फडावर निघण्यापूर्वीं सगळें घर एकत्र असण्याचा तोच काय तो दिवस असतो.