आधी शाळा, मग तह

दोन राष्ट्रांत तह होतो तेव्हा इतिहासात सही करणाऱ्यांची नावे राहतात. पण तो तह वर्षानुवर्षे राबवावयाचा असतो तो अधिकाऱ्यांना, दुभाष्यांना आणि कायदेपंडितांना. आणि ही माणसे सहीच्या दिवशी आपोआप निर्माण होत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात काही जाणत्यांनी हे वेळीच ओळखले आणि तहाची वाट न पाहता शाळा काढली.

मे १९४८ मध्ये हेग येथे युरोपीय ऐक्याच्या विचारासाठी मोठी परिषद भरली. तेथे मायदेशाला मुकलेले स्पॅनिश विचारवंत साल्वादोर दे मादारियागा यांनी सूचना मांडली की, कालपर्यंत परस्परांवर शस्त्र धरणाऱ्या देशांतील पदवीधरांनी एका छपराखाली राहून अध्ययन करावे. बेल्जियममधील ब्रूज शहराने ही कल्पना उचलून धरली. कारेल व्हर्लेये या फ्रान्सिस्कन फादरांनी नागरिकांच्या साथीने त्यासाठी खटपट केली आणि १९४९ मध्ये तेथे ‘कॉलेज ऑफ युरोप’ स्थापन झाले.

स्थळही साजेसेच होते. मध्ययुगात जर्मन, इटालियन आणि इंग्रज व्यापारी या शहरात शेजारी शेजारी पेढ्या मांडून बसत. पुढे समुद्राकडे नेणारी खाडी गाळाने भरली आणि ते वैभव ओसरले.

पहिले रेक्टर हेन्ड्रिक ब्रुग्मन्स हे डच भाषापंडित. युद्धकाळात जर्मनांनी त्यांना ओलीस म्हणून बंदीत ठेवले होते. अशा पुरुषाने वैर न जोपासता १९७२ पर्यंत ही संस्था सांभाळली. कायदा, अर्थशास्त्र, राज्यकारभार हे विषय. इंग्रजी व फ्रेंच या भाषा. आणि सर्वांत मोठा धडा म्हणजे परक्या देशाच्या सोबत्याबरोबर वर्षभराचा सहवास.

पुढचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कोळसा व पोलाद यांच्या उत्पादनावर सामाईक नियंत्रण ठेवण्याचा सहा देशांचा तह एप्रिल १९५१ मध्ये झाला, म्हणजे शाळेच्या मागाहून. कम्युनिस्ट राजवट संपल्यावर पोलंडमध्ये वॉर्सातील नातोलिन येथे कॉलेजची शाखा १९९२ मध्ये निघाली. पोलंडला युरोपीय संघाचे सदस्यत्व २००४ मध्ये मिळाले. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने ब्रूजमध्येच एक संशोधन व प्रशिक्षण केंद्र उघडले. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील प्रादेशिक संघटनांचाही तौलनिक अभ्यास तेथे होतो.

मात्र शाळेने सर्व साधते, असा भ्रम नको. २० सप्टेंबर १९८८ रोजी याच कॉलेजच्या व्यासपीठावरून ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी, ब्रसेल्समधून साऱ्या युरोपवर हुकमत चालविण्याच्या कल्पनेला कडक विरोध केला. जून २०१६ मध्ये ब्रिटिश मतदारांनी संघ सोडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. निष्णात अधिकारी घडविणे एक, आणि शेतात व गिरणीत राबणाऱ्या माणसाला ते ऐक्य आपले वाटणे दुसरे. पहिले काम ब्रूजच्या वर्गांत होऊ शकते. दुसऱ्याची शाळा गावोगाव भरावी लागते, आणि ती भरली नाही तर तहावरची शाई वाळली तरी तह मनात उतरत नाही.